बाळगोळीचा हिवाळा

पोलिसाचे उपकार मनापासून मानणारी बाई आमच्या वस्तीत मी एकटीच असेन. बाकीच्यांना खाकी कपडा दिसला की आजही कपाळाला आठी पडते, आणि त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. खाकीनं आमच्या लोकांना गोडीगुलाबीनं फारसं कधी वागवलेलं नाही. पण अकोल्यात आमच्या कापसाच्या जिनजवळच्या चौकीवर एक जमादार होते. अचलपूरकडचे मुसलमान गृहस्थ, पोट थोडं सुटलेलं, ओठ पानानं कायम लाल. त्यांची आठवण निघाली की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि ऐकणाऱ्याला वेळ आहे का हे न विचारता सांगायला बसते. आज लिहायलाच बसले आहे.

मी अमरावतीला सातवीपर्यंत शिकले. लग्न होऊन अकोल्यात आले तेव्हा दोन्हीकडच्या घरांनी दीक्षा घेऊन थोडेच दिवस झाले होते. देव्हारा निघाला होता, पण भिंतीवर त्याची चौकोनी खूण अजून तशीच होती. सातवी शिकलेली सून म्हणून सासूबाईंनी पहिला महिना मला शेजारपाजारी मिरवलं आणि दुसऱ्या महिन्यात जिनवर नेऊन उभं केलं. मी थोडी फुरंगटले. पुस्तक वाचता येणाऱ्या बाईनं कापूस का सारावा, असं मला वाटायचं. तेव्हा माझा स्वभाव असा होता, आणि घरातले म्हणतात की अजूनही फार बदललेला नाही.

जिनमध्ये रेचे होते, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. एकेका रेच्यापुढे एकेक बाई दिवसभर उभी राहून त्याच्या तोंडात कापूस सारायची. आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावावं लागे. केसांत, भुवयांत, नाकात रुई बसायची. संध्याकाळी घरी निघालो की आम्ही सगळ्याच म्हाताऱ्या दिसायचो. दिवाळीपासून होळीपर्यंत काम जोरात चाले, आणि तेवढ्या दिवसांत जे हाती येई त्यावर वर्ष काढायचं असे. त्यामुळे बाळंतीण असो की आजारी, भोंगा झाला की बाई जिनवर हजर.

तान्ही लेकरं आम्ही सोबतच नेत असू. रेच्यांच्या खोलीबाहेर भिंतीलगत बांबूला जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या. लेकरू झोळीत टाकायचं आणि आत जायचं, ते दुपारच्या सुटीलाच बाहेर यायचं. तोवर लेकरं झोपलेली असत. ती झोपत, कारण आम्ही त्यांना बाळगोळी देत असू.

बाळगोळी म्हणजे अफू. जायफळ वगैरे त्यात असतं असं म्हणायची पद्धत होती, पण काम अफूच करायची. मोहरीच्या दाण्याएवढी गोळी आपल्याच दुधाच्या थेंबात बोटानं खलायची आणि ते बोट लेकराच्या तोंडात द्यायचं. माझ्या सासूनं माझ्या नवऱ्याला दिली, तिच्या सासूनं तिच्या नवऱ्याला दिली. यात आपण काही वाईट करतो असं कुणाच्या मनातही येत नसे. एक रीत मात्र सगळ्या पाळत. गोळी दिली असं तोंडानं बोलायचं नाही. बोललं की दृष्ट लागते आणि लेकराची झोप कायमची उडते. अगदी विचारायचं-सांगायचंच झालं तर एकीनं भुवई उडवायची आणि दुसरीनं मान हलवायची.

गोळ्या वस्तीतली सुईण द्यायची. अर्ध्या वस्तीची नाळ तिनंच कापलेली. माझी मुलगी पायाळू आली, तेव्हा दोन दिवस ही बाई माझ्या उशाशी बसून होती. आम्ही दोघी त्यातून वाचलो त्या केवळ तिच्या हातांमुळे. त्यामुळे तिनं पितळी डबी उघडून गोळी हातावर ठेवली की मी ती प्रसादासारखी घ्यायची.

पूर्वी अफू सरकारी ठेक्यावर मिळे. मग सरकारनं ठेका बंद केला. ठेका बंद झाला म्हणून लेकरांचं रडणं थोडंच बंद होणार होतं? हिंग-मसाला विकणारा एक माणूस सायकलवरून वस्तीत यायला लागला. हिंगाच्या उग्र वासाखाली त्याच्या पेटीत अफू असायची. त्यातली थोडी सुईणीच्या डबीत जायची आणि बाकीची नाल्याकडच्या एका खोपटात. तिथं पुरुष मदक, म्हणजे अफूचा धूर, ओढत पडलेले असत. मजुरी तिथंच जायची, आणि मजुरी संपली की घरातली भांडी जायची. आमच्या शेजारणीचा पितळी हंडा तिच्या सख्ख्या दिरानं नेला. पुढे पुढे भांडणं चाकूवर आली. त्या खोपटाला आम्ही रोज शिव्या घालत होतो.

आणि तरीही पोलीस आले की आम्हीच त्या माणसाला वाचवत होतो. खाकी कपडा गल्लीच्या तोंडाशी दिसला की पहिल्या घरची बाई रिकाम्या उखळात मुसळ घालून कुटायला लागायची. ते ऐकून दुसरी, मग तिसरी. जमादार चार घरं पुढे येईपर्यंत हिंगवाला मागच्या बोळानं पसार झालेला असे. आम्हाला तो आवडत नव्हता. पण त्याला पकडला तर उद्या लेकरू झोपणार कसं, हा प्रश्न प्रत्येकीच्या पोटात होता. जमादार एकदा उखळात वाकून बघून म्हणाले होते की या वस्तीत हवेचं पीठ फार छान निघतं. आम्ही पदर तोंडाला लावून हसलो होतो.

मुलगी पाच महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. थंडीचे दिवस होते. तिला सर्दी झालेली आणि पहाटेपासून ती किरकिरत होती. मी भाकरी थापत होते, सासूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जिनवर गेल्यावर मी रोजच्यासारखी फाटकाजवळ बसले, गोळी खलली, तिला चाटवली, झोळीत टाकली आणि आत गेले. आज ही जरा लवकरच पेंगते आहे असं मला वाटलं. सर्दीनं दमली असेल, असंही वाटलं. मला बरंच वाटलं, हे खरं तेच सांगते.

दुपारच्या सुटीत पाजायला घेतली तर तिनं तोंड उघडलं नाही. हाक मारली, हलवली, गालावर चापट मारली. मान नुसती कलंडत होती. ओठ जांभळट झाले होते. श्वास यायचा आणि मग इतका वेळ यायचा नाही की मी मोजायला लागायची. आजूबाजूच्या बाया जमल्या आणि मागे सरल्या. काय झालं ते प्रत्येकीला कळलं होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

दवाखाना लांब होता, चौकी जवळ होती. मी विचार करून तिकडे गेले असं नाही, पाय गेले. जमादार डबा उघडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीची पापणी अंगठ्यानं वर केली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली पाहिली आणि डबा तसाच उघडा टाकून उठले. रस्त्यावरचा एक टांगा थांबवला, त्यातली सवारी खाली उतरवली आणि आम्हाला आत बसवलं. वाटेत त्यांनी मुलीचे दोन्ही तळवे हातात घेतले आणि टिचक्या मारायला सुरुवात केली. मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "रडजो मंग. आदी तिचं नाव घेऊन हाका मार. झोपू देऊ नको."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट धुतलं, नाकाशी नळी धरली आणि सांगितलं की आता हिला झोपू द्यायचं नाही, एवढंच औषध आहे. तो सगळा दुपारचा वेळ आम्ही आळीपाळीनं तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत होतो. निरोप मिळाल्यावर नवरा रुईच्या गाठी गाडीवर चढवायचं काम टाकून तसाच आला. एक दमला की दुसऱ्यानं घ्यायचं. जमादारांना चौकीवर परत जायला हवं होतं, पण ते गेले नाहीत. माझी बोटं सुजली होती. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, कारण माझ्या मनात दुसरी भीतीही होती. अफू देणं हा गुन्हा, आणि देणारी मी. ही जगली तर मला नेतील, आणि नाही जगली तर मला नेलं काय न् ठेवलं काय.

त्यांना ते कळलं असावं. टिचक्या न थांबवता ते हळूच म्हणाले, "मलेही देल्ली होती माह्या मायनं. आर्धा अकोला या गोयीवर मोठा झाला हाय."

डॉक्टरांनी विचारलं की किती दिली. मी मोहरीएवढी एकच म्हटलं. ते म्हणाले की एकीनं असं होत नाही, खरं सांगा. मी शपथ घ्यायला लागले. तेवढ्यात दाराशी सासूबाई उभ्या होत्या. धापा टाकत चालत आल्या होत्या. त्यांनी पदराचा बोळा तोंडातून काढला.

"म्याही देल्ली," त्या म्हणाल्या. "सकायी. रडून राह्यली होती म्हून."

गोळी देऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे भुवई उडवली होती म्हणे. मी भाकरीकडे बघत होते.

दिवे लागायच्या सुमाराला मुलीनं पाय आखडून घेतला. मग नाक फेंदारलं. आणि मग एक बारीकसा, चिडका आवाज काढला. जमादारांनी टोपी काढून डोकं पुसलं, डॉक्टरांना सलाम ठोकला आणि उपाशीच चौकीवर गेले. त्या दिवशीचे त्यांचे उपकार मी आयुष्यभर फेडले तरी फिटायचे नाहीत. तेव्हा तर मी नीट हातही जोडले नव्हते.

तीन दिवसांनी आम्ही घरी आलो. मी सासूबाईंशी बोलणं टाकलं होतं. त्यांनी जेवण टाकलं होतं. घरात दोघी समोरासमोर बसायचो आणि मधे लेकरू. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी माझंच मला कळलं की त्यांच्यावर मी ज्याचा राग धरून बसले आहे ते मीही त्याच सकाळी केलं आहे, तेही तसंच तोंड मिटून. एकीनं एक शब्द काढला असता तर हे झालं नसतं. मी उठून त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्या जेवल्या, मीही जेवले, आणि या विषयावर आम्ही पुढं कधी भांडलो नाही.

आणि त्याच दुपारी जमादार दारात आले. ते खाटेवर बसले नाहीत, ओट्यावरच टेकले. पाणी मागितलं. आमच्या घरचं पाणी मागून पिणारा तो पहिला पोलीस, आणि सासूबाईंनी ती गोष्ट पुढं गावभर सांगितली. मला वाटलं आता विचारतील, गोळी कुणी दिली. नाव तर ओठांवरच होतं. सुईणीचा मला इतका संताप होता की एका अर्थी ते विचारतील याची मी वाटच बघत होते. पण त्यांनी ते विचारलं नाही.

"मले हे सांग पोरी," ते म्हणाले, "उद्यापासून गोयी नाइ देल्ली, त तुमी लेकरं ठेवसान कोठी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. जमादार म्हणाले की याचं उत्तर मलाही येत नाही, म्हणून तर आलो. इतकी वर्षं ते वस्तीत येत होते आणि रिकामी उखळं बघून परत जात होते. कशासाठी कुटतात हे त्यांना त्या टांग्यात कळलं होतं. हिंगवाल्याला धरायला पोलीस पुरे पडत नाहीत, तुम्ही बाया पाहिजेत, असं त्यांनी साफ सांगितलं. आणि लेकरांची सोय झाल्याशिवाय तुम्ही येणार नाही, हेही मला समजतं म्हणाले.

सुटीच्या दिवशी दुपारी समाजाच्या टिनाच्या शेडमध्ये बाया जमल्या. जमादार समोर असले तर कुणी बोलेना. मग ते बाहेर पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले आणि टोपी मांडीवर घेतली. त्यांचं टक्कल आम्हाला दिसत होतं. तरीही कुणी बोलेना. सगळ्या एकमेकींकडे बघून भुवया उडवत होत्या. माझा पारा चढला. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "म्या माह्या पोरीले अफू देल्ली. रोज देत होती."

अफू हा शब्द आमच्यात कुणी उच्चारत नसे. दोन-तीन बायांनी कानांवर हात ठेवले. मग सासूबाई उठल्या आणि त्यांनीही म्हटलं. मग हंडा गेलेली शेजारीण. मग कोपऱ्यातली एक, जिचं लेकरू आदल्या वर्षी झोळीतच गेलं होतं. सर्दीनं गेलं असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. ती उभी राहिली, तिचं तोंड उघडलं, पण शब्द आला नाही, आणि ती खाली बसली. तिच्याकडे बघितल्यावर मग कुणी मागं राहिलं नाही.

सुईण दाराशी बसली होती. तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं.

आम्ही दोन अटी घातल्या. जिनमध्ये लेकरांसाठी जागा आणि त्यांच्यापाशी बसायला एक बाई. आणि वस्तीतल्या कुठल्याही बाईला बेड्या घालून न्यायचं नाही. पायरीवरच्या टकलानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ते आम्हाला घेऊन जिनच्या मालकाकडे गेले. मालक म्हणाला की जिन म्हणजे काय धर्मशाळा आहे? जमादारांनी फार नम्रपणे सांगितलं की शेठ, त्या दिवशी पोर गेली असती तर पंचनामा तुमच्या फाटकात झाला असता, आणि पंचनामा लिहायला मला फार वेळ लागतो, माझं अक्षर चांगलं नाही. तोवर फाटक बंदच ठेवावं लागलं असतं. मालकानं सरकीचं एक जुनं गोदाम मोकळं करून दिलं. शिकलेली बाई म्हणून दर आठवड्याला गोदामावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, तेच पुढं बालवाडीपर्यंत गेलं आणि माझं पोट त्यावर चाललं.

हिंगवाल्याचं काय झालं ते सांगताना मला अजून हसू येतं. तो येण्याचा दिवस आम्हाला पाठ होता. जमादारांनी त्या दिवशी वस्तीत एकही शिपाई पाठवला नाही. सायकल गल्लीच्या मधोमध आली आणि पहिल्या घरच्या बाईनं रिकाम्या उखळात मुसळ घातलं. मग दुसरीनं, मग आम्ही सगळ्यांनी. त्या आवाजाचा अर्थ आम्हीच त्याला शिकवला होता. पोलीस आले असं समजून त्यानं सायकल वळवली आणि नेहमीच्या मागच्या बोळात घातली. बोळाच्या टोकाला जमादार दोन शिपाई घेऊन उभे होते. सायकल आडवी, पेटी आडवी, हिंग सगळीकडे. त्या बोळातून जाताना पुढं कितीतरी दिवस नाक दाबावं लागे. त्याची पेटी उघडल्यावर खोपटाचाही पत्ता लागला. खोपट मोडायला मात्र पोलिसांना हात लावावा लागला नाही, ते काम हंडा गेलेल्या शेजारणीनं आणि तिच्यामागं गेलेल्या बायांनी अर्ध्या तासात उरकलं.

खटल्यात साक्ष कोण देणार हा प्रश्न होता. माल वस्तीत कुणाकडे उतरायचा हे सांगणारं एकच माणूस होतं. जमादारांनी सुईणीला बोलावणं धाडलं नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला. एका सकाळी ती आपणहून चौकीवर गेली, टेबलावर पितळी डबी ठेवली आणि म्हणाली की लिहून घ्या. तिनं कोर्टात उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःचंही. वकिलानं तिला फार टोचलं. कोर्टातल्या साहेबानं तिला ताकीद देऊन सोडलं, त्यामागंही जमादारांची धावपळ होती.

इथवर सगळं चांगलं झालं. पण वस्तीनं तिला बाळंतपणाला बोलावणं सोडलं. नळावर ती आली की बाया घागरी भरून निघून जात. मीही जात होते. माझ्यापेक्षा जास्त हक्क कुणाला होता?

गोदाम झाडून सारवून तयार झालं आणि लेकरांपाशी बसायला बाई हवी होती. जिनवरची कुठलीही बाई रेचा सोडायला तयार नव्हती. जमादारांनी सुईणीचं नाव काढलं. बायांमध्ये एकच गलका झाला. जमादार शांतपणे म्हणाले की तान्ह्या लेकराचं रडणं ऐकून भूक कोणती, पोटदुखी कोणती, हे ओळखणारी दुसरी बाई तुमच्यात असेल तर तिला बसवा. अशी दुसरी नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्या दिवशी भोंगा व्हायच्या आधी आम्ही सगळ्या लेकरं छातीशी धरून गोदामाबाहेर उभ्या होतो. त्या दिवशी सकाळी कुणीही गोळी दिलेली नव्हती. आत झोळ्या बांधलेल्या होत्या आणि मधे सुईण एकटी बसली होती. कुणी आत जाईना. काही जणी कुजबुजत होत्या की ही पुन्हा चोरून चाटवेल, त्यापेक्षा आपली आपण दिलेली बरी. मला कळलं की आज लेकरं आत गेली नाहीत तर उद्या डब्या पुन्हा उघडतील, हिंगवाल्याच्या जागी दुसरा कुणी येईल, आणि पुन्हा एक झोळी रिकामी होईल. जमादार फाटकाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. इथं हुकूम चालत नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

सासूबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी भुवई उडवली नाही. सरळ म्हणाल्या, "दे तिले. पोरगी तिनंच जगात आनली हाय."

मी आत गेले. सुईणीनं हात पुढं केले नाहीत. तिनं ते मांडीवर एकमेकांत गुंफून धरले होते. पाय आधी आलेल्या लेकराला अर्ध्या वाटेत फिरवणारे हात होते ते, कधी मागं राहिलेले मी पाहिले नव्हते.

"माह्या हातात देशीन?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणाले की राग गेलेला नाही, आणि तो जाईल तेव्हा जाईल. आणि मुलगी तिच्या मांडीवर ठेवली.

मुलगी टक्क जागी होती. मी उठले तशी तिनं ओठ काढला, माझ्या पदराकडे हात केला आणि भोकाड पसरलं. दाराशी उभ्या असलेल्या बाया उंबऱ्यापर्यंत पुढं सरकल्या. सगळ्यांचे डोळे सुईणीच्या हातांवर. माझेही. तिनं मुलीला खांद्याशी घेतलं, पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भोंगा झाला. माझे पाय निघेनात. तसा तिनं मला मानेनंच जा म्हणून सांगितलं.

"रडू दे वं," ती म्हणाली. "रडू दे तिले."

मी बाहेर पडले. मागून एकेक बाई आपलं लेकरू घेऊन आत जाऊ लागली, आणि रेच्यापुढे जाऊन उभी राहीपर्यंत मला माझ्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं.